कीवर्ड भरूनही लेख सापडत नाही: बिघाड शोधायचा क्रम आणि दुरुस्ती

तक्रार नेहमीची आहे. लेख लिहिला, कीवर्ड (लोक ज्या शब्दांनी शोधतील ते शब्द) शीर्षकात घातला, पहिल्या परिच्छेदात घातला, प्रत्येक उपशीर्षकात घातला, कीवर्ड तपासणाऱ्या प्लगइनमधला (साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधला) दिवा हिरवा झाला आणि लेख प्रसिद्ध केला. दोन महिने उलटले तरी शोधून तो सापडत नाही. मग त्याच लेखात तोच कीवर्ड आणखी दहा ठिकाणी कोंबला जातो. काही आठवड्यांनी पाहावं तर जे थोडे वाचक येत होते तेही थांबलेले असतात.

या दुखण्यात ‘कीवर्ड कमी पडला’ हे कारण फार क्वचित निघतं. बहुतेक वेळा पान गूगलच्या यादीतच (इंडेक्समध्ये) नसतं, किंवा शोधणाऱ्याचा प्रश्न एक असतो आणि लेख उत्तर देतो दुसऱ्याच प्रश्नाचं, किंवा आपलेच दोन लेख एकमेकांच्या आड येत असतात. म्हणून लेखाला हात लावण्याआधी निदान करा. खालचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की दोन मिनिटांत तपासता येतं ते आधी आणि पुन्हा लिहावं लागतं ते नंतर. उदाहरणासाठी सगळीकडे एकच कीवर्ड घेतला आहे: ‘लॅपटॉप गरम होणे’.

पान यादीत आहे का?

गूगल सर्च कन्सोल (आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते हे साइटच्या मालकाला दाखवणारं गूगलचं साधन) उघडा, वरच्या पट्टीत लेखाचा पूर्ण पत्ता चिकटवा आणि एंटर दाबा. ‘यूआरएल इज ऑन गूगल’ असं दिसलं तर पुढच्या भागाकडे वळा. नसेल तर तिथे दिलेलं कारण वाचा, कारण दुरुस्ती त्यावरच ठरते.

‘नोइंडेक्स’ असा शेरा असेल तर कीवर्डचा काही संबंध नाही, पान यादीत घेऊ नका असं तुमच्याच साइटने सांगितलेलं आहे. वर्डप्रेस या साइट बांधण्याच्या प्रणालीमध्ये सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ या पानावर सर्च इंजिनांना परावृत्त करणारी एक चौकट असते. साइट बांधताना ती टिचकवलेली असते आणि काढायची राहून जाते. ‘डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता गूगलला माहीत आहे, पण पान अजून वाचलेलं नाही. अशा वेळी आपल्याच दोन-तीन जुन्या, वाचल्या जाणाऱ्या लेखांतून या लेखाला दुवे द्या. ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ असेल तर मात्र पान वाचलं गेलं आहे आणि तरीही ठेवलेलं नाही. तिथे बहुधा मजकुरातच काम करावं लागतं, आणि ते कसं करायचं हे पुढे येतंच.

मराठी लेखांसाठी आणखी एक तपासणी. जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पानावर देवनागरी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. लेखातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे अर्थहीन रोमन अक्षरं आली तर सर्च इंजिनलाही तेच दिसतं. आधी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा. ते होईपर्यंत कीवर्डचा विचार करून काही उपयोग नाही.

आकडे कोणत्या बिघाडाकडे बोट दाखवतात

सर्च कन्सोलमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडा, ‘पेजेस’च्या टॅबमध्ये तो लेख निवडा आणि मग ‘क्वेरीज’चा (लोकांनी टाइप केलेल्या शोधांचा) टॅब पाहा. कालावधी तीन महिन्यांचा ठेवा. (हा अहवाल १६ महिने मागे जाऊ शकतो. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी यादीत दाखवले जात नाहीत, त्यामुळे यादीतली बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळली नाही तर घाबरू नका.) ‘क्लिक्स’ आणि ‘इम्प्रेशन्स’ (लेख निकालांत किती वेळा दिसला) यांच्या जोडीने ‘सीटीआर’ (दिसल्यापैकी किती टक्के वेळा क्लिक झालं) आणि ‘ॲव्हरेज पोझिशन’ (निकालांतलं सरासरी स्थान) हे रकानेही सुरू करा.

आता यादी वाचा. तुम्ही ठरवलेला कीवर्ड तिथे आहे का, हा पहिला प्रश्न. नसेल आणि भलतेच शब्द असतील, तर गूगलला लेखाचा विषय वेगळा वाटतो आहे. कीवर्ड आहे पण सरासरी स्थान तिशी-चाळिशीत असेल, तर विषय कळलेला आहे, उत्तर मात्र इतरांपेक्षा कमकुवत ठरतंय किंवा त्याचा प्रकार चुकला आहे. स्थान पहिल्या दहात आहे, इम्प्रेशन्स भरपूर आहेत आणि क्लिक मोजकेच, तर शीर्षक तपासायला हवं. आणि आधी येत असलेले वाचक एका ठरावीक तारखेपासून घसरले असतील तर ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ हे पान उघडून पाहा. तिथे काही नोंद असेल तर ती माणसाने केलेली कारवाई असते, आणि दुरुस्तीनंतर फेरविचाराची विनंती पाठवल्याशिवाय ती सहसा उठत नाही.

सरासरी स्थानाच्या आकड्यावर फार विसंबू नका. एखाद्या दिवशी तिसऱ्या आणि दुसऱ्या दिवशी चाळिसाव्या स्थानावर दिसणारं पानही सरासरीत २१.५ वर दिसतं.

तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहून फायदा का थांबतो

हा भाग नीट समजला की कीवर्ड मोजायची सवय आपोआप सुटते.

दस्तऐवजांत शब्द शोधण्याच्या शास्त्रात बीएम२५ नावाचं एक जुनं, सिद्ध झालेलं सूत्र आहे. ते १९९० च्या दशकात लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत आकाराला आलं. आजही इलॅस्टिकसर्चसारख्या शोधप्रणाली मूळ मांडणीत हेच सूत्र वापरतात. गूगलची यंत्रणा याहून कितीतरी गुंतागुंतीची आहे. पण शब्दाची पुनरावृत्ती आणि तिचं वजन यांचं नातं समजायला हे सूत्र उत्तम आहे.

लेखाची लांबी सरासरीइतकी आणि सूत्रातला नेहमीचा स्थिरांक १.२ धरला, तर शब्द एकदा आल्यावर मिळणारं वजन १ मानू. दोनदा आला तर ते १.३८ होतं, तीनदा आला तर १.५७, पाचदा आला तर १.७७. दहा वेळा आला तर १.९६. तीस वेळा लिहिला तरी २.१२ च्या आसपास. कितीही वेळा लिहा, २.२ च्या पुढे ते जाऊच शकत नाही. म्हणजे पहिल्या तीन उल्लेखांतच बरंचसं काम झालेलं असतं आणि दहानंतरचे वीस उल्लेख जवळपास फुकट जातात. शिवाय सूत्रात लांबीचीही वजावट आहे: कीवर्ड घालण्यासाठी लेख फुगवला की प्रत्येक उल्लेखाची किंमत आणखी उतरते.

याच सूत्राचा दुसरा अर्धा भाग लेखकांना जास्त उपयोगी आहे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली कल्पना अशी: जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत येतो तो विषय ओळखायला जास्त कामाचा. ‘उपाय’, ‘माहिती’, ‘संपूर्ण’, ‘सोपे’ हे शब्द असंख्य पानांवर आहेत, त्यांचं वजन नगण्य. ‘थर्मल पेस्ट’ किंवा ‘पंख्याची जाळी’ हे मोजक्या पानांवर आहेत. ज्याला विषय ठाऊक आहे त्याच्या लेखात असे शब्द आपसूक येतात. ‘लॅपटॉप गरम होणे’ तीस वेळा लिहिणाऱ्या लेखात ते सहसा नसतात, कारण जागा कीवर्डनेच खाल्लेली असते.

तिसरी गोष्ट म्हणजे ठासून भरलेला कीवर्ड हा गूगलच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन नोंदवलेला दोष आहे. अस्वाभाविक वाटावी इतकी पुनरावृत्ती त्यात मोडते. एकामागून एक गावांची किंवा प्रदेशांची नावं लिहिलेले परिच्छेदही त्यात येतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा मजकूर, शून्य आकाराची अक्षरं, पडद्याबाहेर ढकललेले शब्द हे लपवलेल्या मजकुरात धरले जातात. (टिचकी मारल्यावर उलगडणारे प्रश्नोत्तरांचे कप्पे यात येत नाहीत. ते वाचकाच्या सोयीसाठी असतात, त्यांना हात लावू नका.)

ठासून भरलेला लेख कसा मोकळा करायचा

लेख मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडते ती जागा खुणावून ठेवा. मग ब्राउझरमधल्या शोधपट्टीत कीवर्ड टाइप करून तो एकूण किती ठिकाणी आहे ते पाहा आणि हा उतारा तुमच्या लेखाशी ताडून बघा:

“लॅपटॉप गरम होणे ही आज मोठी समस्या आहे. लॅपटॉप गरम होणे उपाय शोधत असाल तर लॅपटॉप गरम होणे याबद्दल हा लेख आहे. लॅपटॉप गरम होणे कारणे अनेक असतात. लॅपटॉप गरम होणे थांबवण्यासाठी लॅपटॉप गरम होणे कारणे आधी समजून घ्या.”

३९ शब्दांपैकी १८ शब्द कीवर्डचेच आहेत. वाचकाच्या हाती काहीही लागलेलं नाही: एक कारण नाही, एक उपाय नाही. आता तीच जागा अशी लिहून पाहू:

“लॅपटॉप गरम होण्यामागे बहुतेक वेळा तीन कारणं असतात: पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट किंवा मागे चालू राहिलेला एखादा जड प्रोग्राम. आधी टास्क मॅनेजर उघडून सीपीयूचा रकाना पाहा. काहीही काम चालू नसताना तिथला आकडा सतत चढलेला असेल तर दोष प्रोग्रामचा. आकडा अगदी कमी असूनही पंखा जोरात फिरत असेल तर धूळ आणि पेस्ट तपासा.”

कीवर्ड एकदाच आला, तोही विभक्तीच्या रूपात. पण प्रोसेसर, थर्मल पेस्ट, पंखा, धूळ, टास्क मॅनेजर, सीपीयू हे शब्द आपसूक आले. वाचकाला पहिल्याच परिच्छेदात काहीतरी करायला मिळालं.

दुरुस्तीची पद्धत अशी. खुणावलेलं प्रत्येक वाक्य घ्या आणि त्यातला कीवर्ड काढून टाका. वाक्यात काही उरतं का? उरत नसेल तर पूर्ण वाक्यच काढा. उरत असेल तर कीवर्डच्या जागी सर्वनाम, नेमका भाग किंवा नेमकी क्रिया लिहा: ‘तो तापतो’, ‘खालची बाजू चटका देते’, ‘पंखा घोंघावतो’. लेख यामुळे बराच आखूड होईल. होऊ द्या. मोकळ्या झालेल्या जागेत राहून गेलेला मुद्दा घाला, आणि तसा मुद्दा नसेल तर लेख आखूडच ठेवा.

साधारण हजार शब्दांच्या लेखात कीवर्ड कुठे असावा, याचं उत्तर बोटांवर मोजण्यासारखं आहे. शीर्षकात एकदा, शक्यतो सुरुवातीकडे. पानावरच्या मुख्य मथळ्यात, जो बहुतेक वेळा शीर्षकाचाच असतो. पहिल्या शंभर शब्दांत एकदा. एखाद्या उपशीर्षकात, तेही तिथे खरोखर बसत असेल तर. पत्त्यात. त्यापलीकडे मजकुरात तो सहज येईल तितका येऊ द्या, मोजू नका. चित्राच्या पर्यायी मजकुरात चित्रात जे दिसतं ते लिहा: ‘पंख्याच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झटकताना’. तिथे कीवर्ड कोंबला की दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) प्रत्येक चित्रावर तेच वाक्य वाचून दाखवतो, आणि ते फार त्रासदायक होतं.

प्लगइन मराठीत का चकतं

मराठीत नाम वाक्यात येताना सहसा जसंच्या तसं राहत नाही. ‘होणे’चं ‘होण्याची’, ‘होण्यामुळे’, ‘होण्यापासून’ होतं, ‘पंखा’चं ‘पंख्याला’ होतं. हे सामान्यरूप आणि प्रत्यय मराठी वाचकाच्या कानात बसलेले असतात. प्लगइन मात्र बहुतेक वेळा अक्षरशः तीच अक्षरं शोधतं. ‘लॅपटॉप गरम होण्याची कारणं’ हे त्याला कीवर्ड वाटत नाही, ‘लॅपटॉप गरम होणे कारणे’ हे वाटतं. लेखक दिव्याच्या रंगासाठी व्याकरण मोडतो आणि तारेच्या भाषेत लिहिलेली वाक्यं तयार होतात. मराठीतल्या एसईओ (शोधात वर येण्यासाठी लिहिलेल्या) लेखांची भाषा ओळखीची झाली आहे ती यामुळेच.

उपाय सरळ आहे: कीवर्डच्या घनतेचा (शंभर शब्दांत तो किती वेळा येतो याचा) दिवा बंद करा किंवा त्याकडे पाहू नका. टक्केवारीचं कोणतंही लक्ष्य ठेवू नका. गूगलने शब्दांमागचा संदर्भ समजून घेणारी बर्ट ही यंत्रणा २०१९ मध्ये आधी इंग्रजीत आणि त्याच वर्षी इतर अनेक भाषांत वापरायला घेतली. ‘होणे’ आणि ‘होण्याची’ यांचं नातं कळावं म्हणून तुम्ही मोडकं मराठी लिहायची गरज उरलेली नाही. शीर्षकातसुद्धा ‘लॅपटॉप का तापतो आणि तो थंड कसा ठेवायचा’ असं लिहिलेलं चालतं.

शोधणाऱ्याला हवं ते वेगळंच असेल तर

स्थान तिशी-चाळिशीत अडकलेलं असेल तर बहुधा दोष इथे असतो. कीवर्ड म्हणजे कुणाचातरी प्रश्न, आणि प्रश्नाला उत्तराचा एक अपेक्षित प्रकार असतो. ‘लॅपटॉप गरम होणे’ असं शोधणाऱ्याला तापलेलं यंत्र थंड करायचं आहे. त्याला उष्णतावहनाचा सिद्धांत दिला किंवा कूलिंग पॅडच्या खरेदीची यादी दिली, तर कीवर्ड जागच्या जागी असूनही लेख चुकतो.

तपासायला ब्राउझरची खासगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडा, कीवर्ड शोधा आणि पहिले दहा निकाल एका कागदावर लिहा. प्रत्येकापुढे एक शब्द: कृती, यादी, तुलना, व्याख्या, विक्री, व्हिडिओ. दहापैकी सात-आठ एकाच प्रकारचे निघाले तर तो प्रकार हीच अपेक्षा समजा. तुमचा लेख त्या प्रकारात नसेल तर दोन वाटा आहेत: लेखाचा सांगाडा बदला किंवा कीवर्ड बदला. सिद्धांतावरचा चांगला लेख मोडून त्याची कृती करू नका. त्याला ‘प्रोसेसर गरम का होतो’ हा प्रश्न जास्त शोभतो, शीर्षक तसं करा.

त्याच निकालांच्या पानावर ‘लोक हेही विचारतात’ची चौकट आणि तळाशी संबंधित शोध असतात. त्यातले तीन-चार प्रश्न तुमच्या लेखात खरंच सुटतात का ते पाहा. जे सुटत नाहीत आणि विषयाला धरून आहेत, त्यांचं उत्तर दोन-चार ओळींत द्या. सगळेच प्रश्न उपशीर्षकं करून ओतू नका. प्रश्नांची नुसती माळ लावलेला लेख कुणीच शेवटपर्यंत वाचत नाही.

एकच शब्द, अनेक लिखाणं

मराठी लेखकाला इतर भाषांतल्यांपेक्षा जास्त सतावणारा हा भाग आहे. ‘ॲप’ हा शब्द घ्या. एक लिखाण ‘ॲ’ या स्वतंत्र अक्षराचं, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरं ‘अ’वर चंद्र देऊन केलेलं. तिसरं ‘ए’वर चंद्र असलेल्या अक्षराचं. पहिली दोन पडद्यावर जवळपास सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी तिन्ही वेगळी आहेत. ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ यांतल्या अर्ध्या र चीही तीच कथा. काही कीबोर्ड नुक्ता असलेला र वापरतात, काही साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. काही जण घाईत रफार देऊन मोकळे होतात, आणि तो तर दिसायलाही चूक.

मोठी सर्च इंजिनं यातलं बरंचसं सांभाळून घेतात. तुमच्या साइटवरची अंतर्गत शोधपेटी, ब्राउझरमधला शोध आणि प्लगइनची मोजणी मात्र सहसा सांभाळत नाही. म्हणून ‘कीवर्ड लेखात असूनही शून्य दाखवतंय’ अशी तक्रार आली की आधी हे पाहा: लेखातलाच शब्द कॉपी करून शोधपट्टीत चिकटवा. चिकटवलेला सापडतो आणि टाइप केलेला सापडत नाही, तर लिखाण वेगळं आहे. एक लिखाण ठरवा (‘ॲ’ आणि ‘ऱ्या’ ही आजची प्रमाण रूपं) आणि ‘शोधा-बदला’ वापरून सगळ्या लेखात तेच करा.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न निराळा. ‘वेबसाइट’ आणि ‘वेबसाईट’, ‘मोबाइल’ आणि ‘मोबाईल’ ही दोन्ही रूपं लोक सर्रास टाइप करतात. सर्च कन्सोलमध्ये दोन्ही रूपांनी इम्प्रेशन्स येत असतील तर काहीच करू नका. एकाच रूपाने येत असतील तर गूगल ट्रेंड्समध्ये दोन्ही रूपं शेजारी ठेवून बघा. तिथले आकडे ० ते १०० या सापेक्ष पट्टीवरचे असतात, एकूण शोधसंख्या नव्हे, पण कोणतं रूप जास्त चालतं हे कळायला तेवढं पुरतं. लेखात मात्र शुद्ध आणि एकच रूप ठेवा. दोन्ही रूपं आळीपाळीने पेरली तर वाचकाला तो मुद्रितशोधनाचा गलथानपणाच वाटतो. लेखाच्या तळाशी रोमन लिपीतली मराठी वाक्यं किंवा चुकीची लिखाणं ओळीने देण्याची पद्धतही सोडा. ती ठासून भरणंच आहे, फक्त पायथ्याशी.

पत्त्याबद्दल एक हिशोब लक्षात ठेवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, मात्रा वेगळी, पत्त्यात नऊ रोमन चिन्हांचं होतं. ‘लॅपटॉप-गरम-होणे’ एवढा लहान पत्ता उघडल्यावर ११९ चिन्हांचा होतो. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० चिन्हांशी कापतं, त्यामुळे साधारण बावीस देवनागरी चिन्हांनंतरचा मजकूर, प्रसंगी शब्दाच्या मध्येच, गळून पडतो. पत्ता दोन-तीन शब्दांचा ठेवा किंवा रोमन लिपीत लिहा. जुन्या लेखाचा पत्ता निव्वळ कीवर्डसाठी बदलू नका. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ पुनर्निर्देशन (जुना पत्ता उघडणाऱ्याला कायमचं नव्या पत्त्यावर नेणारी सूचना) लावा आणि ते किमान एक वर्ष राहू द्या.

आपलेच दोन लेख एकमेकांच्या वाटेत

लक्षण: एकाच शोधासाठी कधी हा लेख दिसतो, कधी तो, आणि दोन्ही वर सरकत नाहीत. ‘परफॉर्मन्स’मध्ये क्वेरीची गाळणी लावून कीवर्ड टाका आणि ‘पेजेस’चा टॅब उघडा. तिथे दोन-तीन पत्ते असतील आणि इम्प्रेशन्स त्यांच्यात वाटली गेली असतील तर निदान पक्कं. हा बिघाड ‘लॅपटॉप गरम होणे’, ‘लॅपटॉप गरम होणे उपाय’, ‘लॅपटॉप का गरम होतो’ अशा प्रत्येक फरकासाठी वेगळा लेख लिहिल्याने होतो.

दोन्ही लेख शेजारी उघडा. प्रश्न एकच असेल तर जास्त क्लिक असलेला ठेवा, दुसऱ्यातले वेगळे परिच्छेद त्यात हलवा आणि दुसऱ्याचा पत्ता ३०१ ने पहिल्याकडे वळवा. दुसरा नुसता पुसून टाकू नका, त्याला बाहेरून मिळालेले दुवे वाया जातात. प्रश्न खरोखर वेगळे असतील (एक गेम खेळताना तापण्याबद्दल, दुसरा चार्जिंगच्या वेळी तापण्याबद्दल) तर दोन्ही ठेवा. फक्त शीर्षकात तो फरक आणा आणि एकातून दुसऱ्याला दुवा द्या.

दिसतो, पण कुणी उघडत नाही

इथे आधी शीर्षक निकालांत कसं दिसतं ते पाहा. गूगल अनेकदा शीर्षक स्वतः बदलून दाखवतं, आणि याबाबतचा मोठा बदल ऑगस्ट २०२१ मध्ये झाला. फार लांब शीर्षक, उभ्या रेघांनी तोडलेली कीवर्डची रांग, किंवा पानावरच्या मथळ्याशी न जुळणारं शीर्षक ही बदलण्याची नेहमीची कारणं. ‘लॅपटॉप गरम होणे | लॅपटॉप गरम होणे उपाय | लॅपटॉप थंड करणे’ याऐवजी ‘लॅपटॉप गरम होतोय? आधी तपासा या तीन जागा’. शीर्षक आणि मथळा जवळपास सारखे ठेवा आणि वचन दिलेल्या तीन जागा लेखात पहिल्याच पडद्यावर असू द्या.

मेटा वर्णन (निकालांत शीर्षकाखाली दिसू शकणारा पानाचा थोडक्यात परिचय) क्रमवारीत मोजलं जात नाही, पण वाचक ते वाचतो. दोन वाक्यांत नेमकं काय मिळेल ते लिहा.

मेटा कीवर्डच्या (पानाच्या कोडमध्ये लपलेल्या कीवर्डच्या यादीच्या) रकान्यात मात्र वेळ घालवू नका. क्रमवारीसाठी तो वापरला जात नाही हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं आहे. ‘एलएसआय कीवर्ड’ (एलएसआय नावाच्या तंत्राने काढलेले म्हणून दिले जाणारे संबंधित शब्द) विकणाऱ्या साधनांचंही तसंच. ते तंत्र १९८० च्या दशकातलं, छोट्या आणि स्थिर संग्रहांसाठीचं. विषय जाणणाऱ्याने लिहिलं की संबंधित शब्द येतातच.

दुरुस्तीनंतर

बदल झाला की सर्च कन्सोलमध्ये पुन्हा पत्ता तपासा आणि ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ एकदाच दाबा. पुन्हा पुन्हा दाबून रांग पुढे सरकत नाही. पान पुन्हा वाचलं जायला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. एका तक्त्यात तारीख, लेखाचा पत्ता आणि नेमका बदल लिहून ठेवा: ‘शीर्षक बदललं’, ‘बारा वाक्यं काढली’, ‘दोन लेख एकत्र केले’. शीर्षक, मजकूर आणि पत्ता हे तिन्ही एकाच दिवशी बदलले तर कशाचा परिणाम झाला हे कधीच कळणार नाही.

पान पुन्हा वाचलं गेल्याची तारीख पत्त्याच्या तपासणीत दिसते. तिथून २८ दिवस मोजा आणि बदलाआधीच्या २८ दिवसांशी ‘कंपेअर’ करून पाहा. २८ घ्यायचे कारण त्यात चार पूर्ण आठवडे येतात, शनिवार-रविवारचा चढउतार दोन्हीकडे सारखा पडतो. फक्त मूळ कीवर्डचं स्थान पाहू नका. ‘क्वेरीज’मध्ये आधी नसलेले किती नवे शोध आले ते मोजा. ठासलेला कीवर्ड काढून खरा मजकूर घातलेल्या लेखात पहिला फरक बहुधा इथेच दिसतो: ‘लॅपटॉप थर्मल पेस्ट कधी बदलावी’ किंवा ‘पंख्याचा आवाज’ असे लांबट, नेमके शोध यायला लागतात. त्यातला एखादा शोध वारंवार येत असेल आणि लेखात त्याचं उत्तर एकाच ओळीत उरकलेलं असेल, तर पुढची दुरुस्ती त्या ओळीची.